गोठ्यात येणारा ‘डॉक्टर’ कोण?

सांगोला किंवा मंगळवेढ्याकडच्या एखाद्या वस्तीवर गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशीही वार पडली नाही, की घरातून एकच वाक्य ऐकू येते, ‘डॉक्टरांना फोन लावा.’ थोड्या वेळाने मोटारसायकल येते, पिशवी उघडते, इंजेक्शन दिले जाते. आलेली व्यक्ती पदवीधर पशुवैद्यक असेल, पशुधन पर्यवेक्षक असेल किंवा केवळ कृत्रिम रेतन शिकलेली असेल. गावात तिघांनाही ‘डॉक्टर’च म्हणतात. पण तिघांचे शिक्षण वेगळे आहे आणि कायद्याने दिलेली परवानगीही वेगळी आहे. हा फरक केवळ जनावरापुरता नाही. त्याच्याशी घरातल्या माणसांचे आरोग्यही बांधलेले आहे.

पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असते. त्यात एक वर्ष आंतरवासिता येते. प्रवेशासाठी ‘नीट’ द्यावी लागते. सोलापूरच्या मुलांना उदगीर आणि शिरवळ येथील शासकीय महाविद्यालये त्यातल्या त्यात जवळची. पदवीनंतर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी झाली, की स्वतंत्रपणे रोगनिदान आणि उपचार करता येतात.

दुसरी वाट पदविकेची. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न संस्थांत दहावीनंतर पशुसंवर्धन व दुग्धव्यवसायाशी निगडित पदविका घेता येते. पशुधन पर्यवेक्षक याच वाटेने येतात. तिसरी वाट ‘मैत्री’ योजनेची. यात गावातल्या तरुणांना सुमारे तीन महिन्यांचे प्रशिक्षण मिळते. एक महिना वर्गात, उरलेले प्रत्यक्ष काम. त्यांचे मुख्य काम दारोदारी कृत्रिम रेतन करण्याचे.

1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने या वाटांमधली सीमारेषा आखली आहे. नोंदणी आहे ती पदवीधरांची. मात्र कलम 30 नुसार राज्य सरकार पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्यांना ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ देण्याची मुभा देऊ शकते. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी असा प्राथमिक उपचार त्यात येतो. अट एकच, हे काम नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि मार्गदर्शनानुसार व्हावे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत पशुवैद्यकीय तंत्रज्ञाला राष्ट्रीय परीक्षा देऊन राज्याकडे नोंदणी करावी लागते किंवा परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे भार या देखरेखीवर आहे. ती कागदावरच राहिली, तर पुढचे प्रश्न सुरू होतात.

पहिला प्रश्न सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलोसिसचा. गाय किंवा म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडते, वार अडकते. त्या वारेत आणि स्रावात रोगजंतू भरपूर असतात. उघड्या हाताने वार ओढणारा आणि नंतर गोठा झाडणारी घरातली बाई, दोघांनाही लागण होऊ शकते. मग चढता-उतरता ताप, रात्री घाम, कंबर आणि सांध्यांचे दुखणे सुरू होते. रुग्णाने जनावराचा उल्लेख केला नाही, तर हा ताप टायफॉइड किंवा क्षयरोगाच्या नावावर खपून जातो. उपचारात किमान सहा आठवडे दोन प्रतिजैविके घ्यावी लागतात. माणसासाठी लस नाही. जनावरांसाठी आहे, चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ती एकदाच देतात. पण ती जिवंत जंतूंची असल्याने टोचणाऱ्याच्या हातात सुई गेली, तर त्यालाच आजार होऊ शकतो. हातमोजे आणि चष्मा ही प्रशिक्षणातली शोभा नव्हे, ती यासाठी.

दुसरा प्रश्न दुधाचा. कासदाहासाठी प्रतिजैविक दिले, की ठरावीक दिवस ते दूध विकायचे नाही आणि प्यायचेही नाही. ही मुदत औषधाच्या वेष्टनावर असते. औषधासाठी अशी मुदत सिद्ध झालेली नसेल, तर नियमाने दुधासाठी किमान सात दिवस धरावे लागतात. दूध उकळल्याने ब्रुसेलाचे जंतू मरतात, पण बहुतेक प्रतिजैविकांचे अंश राहतात. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही. शिवाय त्यातून औषधांना न जुमानणारे जंतू वाढायला मदत होते. इंजेक्शन देणे आठवडाभरात शिकता येते. कोणते, किती आणि कधी द्यायचे नाही, हे शिकायला वर्षे लागतात.

तिसरा प्रश्न रेबीजचा. गाय लाळ गाळते, तिला गिळता येत नाही, म्हणून घशात काही अडकले असावे, अशा समजुतीने तोंडात हात घातला जातो. ते रेबीजचे लक्षण असू शकते. या कामात उतरणाऱ्याने आधीच रेबीजप्रतिबंधक लस घेतलेली असावी.

पर्यवेक्षक आणि ‘मैत्री’ कार्यकर्ते नसतील, तर जिल्ह्यातल्या प्रत्येक गोठ्यात लाळ्या-खुरकूताची लस पोहोचणार नाही. त्यांचे काम कमी प्रतीचे नाही, त्याला मर्यादा आहे इतकेच. आपली मर्यादा ओळखून ‘हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, डॉक्टरांना बोलवा’ असे वेळेत सांगणारा पर्यवेक्षक हा चांगल्या प्रशिक्षणाचा खरा पुरावा.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलांनी प्रवेशाआधी संस्था विद्यापीठाशी संलग्न आहे का, हे तपासावे आणि त्या प्रमाणपत्राने नेमके कोणते काम करता येईल, ते विचारावे. पशुपालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात: आपले शिक्षण काय, औषध कोणते, दूध किती दिवस बाजूला ठेवायचे. गंभीर आजारात 1962 या क्रमांकावर फोन करावा. आणि घरात कुणाला ताप आठवड्याहून अधिक रेंगाळला, तर दवाखान्यात आपणहून सांगावे, ‘डॉक्टर, आमची गाय गाभडली होती.’ निदानाची दिशा या एका वाक्याने बदलू शकते.