हाई ग्रुपमा बोला

करवंद नाक्यापलीकडच्या नव्या वस्तीत एका घराचा स्लॅब टाकायचा आहे. मिक्सर येऊन उभा आहे, घमेलं उचलणाऱ्या बाया भिंतीच्या सावलीला बसल्या आहेत. काम मात्र अडलंय. इंजिनिअरसाहेब धुळ्यात, पन्नासेक किलोमीटरवर.

मिस्त्री सळयांवर टेप आडवा धरतात, पोरगा फोटो काढतो. टेपवरचा आकडा दिसायलाच हवा, नाहीतर साहेब फोटो परत मागतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. ग्रुपात मालक, खडीवाला, प्लंबर, शिवाय सुरतेला नोकरी करणारा मालकाचा मुलगा. सर्वांत जास्त शंका त्याच्याच.

साहेब विचारतात, कव्हर किती? काँक्रीटच्या आयएस 456 या मानकाप्रमाणे साध्या स्लॅबलाही सळईखाली साधारण 20 मिलिमीटर काँक्रीट लागतं. सळई फळीला टेकली तर पुढे गंजून पापुद्रे पडतात. वरून काढलेल्या फोटोत हे दिसणार कसं? मिस्त्री टाइप करत नाहीत. अंगठा दाबून धरतात आणि बोलतात, "साहेब, खाले ठोकळा शेतस, मी हात घालीसन देखं."

साहेबांचं समाधान होत नाही. व्हिडिओ कॉल येतो. पोरगा फळीवर पालथा पडून मोबाईल जाळीलगत फिरवतो. दोन ठिकाणी ठोकळे सरकलेले निघतात. वरून माणसं चालली की असं होतंच. मिस्त्री न बोलता ते नीट बसवतात.

नकाशा मात्र अजून कागदाचाच, घड्या पडलेला, मिस्त्रींच्या खिशात. उन्हात स्क्रीन वाचता येत नाही. मोठ्या कंपन्या अख्खी इमारत आधी संगणकात उभी करतात म्हणे. इथे त्या बोललेल्या निरोपांनीच खरा फरक पाडलाय. पूर्वी साइटवर तोंडी सांगितलेलं हवेत जायचं आणि बिलाच्या वेळी "मी कधी म्हणालो?" सुरू व्हायचं. आता आवाज राहतो, तारखेसकट. साहेबांनी ग्रुप तपासणीसाठी सुरू केला, पण मिस्त्रींनी त्यातून स्वतःचा पुरावा करून घेतला.

साहेबांचा होकार येतो. मिक्सर सुरू होणार, एवढ्यात मालक मिस्त्रींना हळूच बाजूला घेतात. गॅलरी हातभर पुढे काढता येईल का? खर्चाचं नंतर बघू.

मिस्त्री खिशातून मोबाईल काढून त्यांच्यापुढे धरतात.

"भाऊ, हाई ग्रुपमा बोला."

"राहू द्या," मालक म्हणतात.