पेशीतला समासविग्रह

आमच्या घरी दिवाळीची साफसफाई म्हणजे आईचे राज्य. जुना स्वेटर ती टाकू देत नाही. उसवून लोकर गुंडाळते आणि पुन्हा विणायला घेते. परवा माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला होता. आता तो डॉक्टर आहे. तो हसून म्हणाला, "सर, पेशीसुद्धा हेच करते!"

जुन्या प्रथिनांचे आधी मोठे तुकडे होतात. मग पेशीरसातली पेप्टिडेज नावाची विकरे त्यांतून एकेक अमिनो आम्ल सुटे करतात, नवी प्रथिने विणण्यासाठी. आमच्या वर्गातला समासविग्रहच म्हणा ना! पण प्रत्येक जोड प्रत्येकाला सुटत नाही. दोनच आम्लांची जोडी आणि शेवटी प्रोलीन, असे असले की ती सोडवावी प्रोलिडेजनेच. आणि त्वचेतल्या कोलॅजनात प्रोलीन तर भरपूर!

क्वचित एखाद्या मुलात हे विकर जन्मतःच नीट काम करीत नाही. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेले असते. न सुटलेल्या जोड्या लघवीवाटे वाहून जातात, आणि पायांवरच्या जखमा वर्षानुवर्षे भरत नाहीत.

मी गप्प झालो. वर्गातल्या एका मुलाच्या पायाची पट्टी पाहून मी एकदा सर्वांदेखत म्हणालो होतो, "जरा स्वच्छता पाळत जा." त्याचे दुखणे कोणते, हे विचारलेही नव्हते.

शब्द सोडवण्यात माझी हयात गेली. माणसापुढे तो जपून वापरायचे मात्र राहूनच गेले.