विसार कोणी कोणाला द्यायचा?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चौरंगावर नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे आणि हिशेबाची वही मांडून झाली, की कपाटाच्या आतल्या कप्प्यातून एक डबी बाहेर येते. तिच्यात दोन-चार राणीछाप रुपये असतात, एखादा भोकाचा पैसा असतो आणि नशीब असेल तर पणजोबांच्या काळातली हिरवट पडलेली शिवराई. नाणी चिंचेने घासून तबकात ठेवली जातात, हळदकुंकू लागतं आणि भाऊबीज झाली की डबी पुन्हा आत जाते. हल्ली मधल्या दोन दिवसांत घरातलं कोणीतरी त्या तबकाचा फोटो काढतं आणि विचारतं, "याचे आज किती येतील हो?"

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात अशा डब्या पुष्कळ आहेत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आली, पाठोपाठ टेल्को, आणि पुढे चाकणला गाड्यांचे कारखाने. प्रत्येक लाटेबरोबर साताऱ्याहून, बीडहून, खानदेशातून माणसं आली आणि त्यांच्या ट्रंकांतून गावाकडच्या या डब्याही आल्या. विकायचं ठरवलं तर जुन्या बाजारात जायला रविवार मोडावा लागतो. फोन मात्र शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये बसूनही चालतो. म्हणून जाहिरात फोनवरच पडते.

समजा, भोसरीच्या एका वर्कशॉपमधल्या टर्नरने १९४७ सालच्या रुपयाचा फोटो टाकला. निकेलचं नाणं आहे, एका बाजूला सहावा जॉर्ज आणि दुसरीकडे वाघ. तासाभरात फोन येतो. समोरचा माणूस गोड बोलतो आणि थेट पंचवीस लाख देऊ करतो. टर्नरला घाम फुटतो, पण 'आपल्या नशिबात काय सांगावं' असंही वाटून जातं. मग नोंदणी फी म्हणून साडेसातशे रुपये मागितले जातात. ते भरले की जीएसटी, मग आयकर, मग 'फाईल क्लिअर' करण्याचा खर्च. पुरावा म्हणून रिझर्व्ह बँकेचं पत्र येतं, त्यावर बँकेच्या मुद्रेतला वाघ आणि ताडाचं झाड. नाण्यावर वाघ आणि पत्रावरही वाघ. शंका घ्यायची कुठे?

अशा घटना खरोखर घडतात. जून २०२१ मध्ये बंगळुरूच्या एका शिक्षिकेने १९४७ चं नाणं दहा लाखांना विकायला काढलं होतं. 'खरेदीदारा'ने एक कोटीचा आकडा सांगितला आणि कराच्या नावाखाली त्यांच्याकडून सुमारे लाखभर रुपये काढून घेतले. हे प्रकार इतके वाढले की ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला जाहीर निवेदन काढावं लागलं: जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही, त्यासाठी आम्ही कधी कसलं शुल्क वा कमिशन मागत नाही आणि आमच्या वतीने ते मागण्याचा अधिकार कोणाला दिलेलाही नाही. वैष्णोदेवीचं चित्र असलेली नाणी, ७८६ आकड्याच्या नोटा, ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट यांना लाखो रुपये मिळतात, या आवयांचा उगमही बहुतेक अशाच जाहिरातींत सापडतो.

या सगळ्यात एक गोष्ट नजरेतून सुटते. त्या खरेदीदाराला नाणं नकोच असतं. मागची बाजू दाखवा, असं तो म्हणत नाही. वजन विचारत नाही, कड कशी आहे ते विचारत नाही, तारखेखाली टांकसाळीची खूण आहे का याची चौकशी करत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तो घासाघीस करत नाही. आपण दहा म्हणावं आणि त्याने शंभर म्हणावं, असा गिऱ्हाईक कोणत्या बाजारात भेटतो? चाकणचा शनिवारचा बाजार आठवा. बैलाचे दात मोजल्याशिवाय, त्याला चार पावलं चालवून पाहिल्याशिवाय कोणी भाव काढत नाही. दलाल रुमालाखाली बोटं धरून आकडे ठरवायचे तेव्हाही ओढाताण पाचपन्नास रुपयांचीच असायची. भाव ठरला की विसार दिला जायचा, आणि विसार द्यायचा घेणाऱ्याने, हे तिथल्या पोरालाही ठाऊक असतं. विकणाऱ्याने घेणाऱ्याला विसार दिल्याचं कोणी ऐकलेलं नाही. मोबाईलवर मात्र नेमकं तेच घडतं. त्याला 'विसार' म्हटलं असतं तर आपण हसून फोन ठेवला असता. 'प्रोसेसिंग फी' म्हटलं की आपण पिन टाकतो.

पिनचंही तसंच आहे. यूपीआय सुरू होऊन इतकी वर्षं झाली, तरी पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही हे कित्येकांच्या अंगवळणी पडलेलं नाही. पिन टाकला की पैसे जातात. यायचे असतील तर आपण काहीच करायचं नसतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या मुलीने जुना सोफा विकायला काढला. घेणाऱ्याने आधी खात्यात किरकोळ रक्कम टाकून विश्वास बसवला, मग क्यूआर कोड पाठवला. आधी वीस हजार गेले. 'चुकून चुकीचा कोड आला' म्हणत त्याने दुसरा पाठवला आणि आणखी चौदा हजार गेले. शिकल्यासवरल्या घरातली गोष्ट आहे, तेव्हा टर्नरला हसण्यात अर्थ नाही. पैसे मागवणारी 'कलेक्ट रिक्वेस्ट' दोन व्यक्तींमध्ये वापरण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, हे चांगलंच झालं. पण क्यूआर कोड आहेत, पडदा दुसऱ्याला दाखवणारी ॲप आहेत आणि 'पेमेंट झालं' म्हणून पाठवलेले बनावट स्क्रीनशॉटही आहेत. बँकेसारखा दिसणारा मेसेज कोणालाही लिहिता येतो. खात्यातली शिल्लक बँकेच्या ॲपमध्ये स्वतः उघडून पाहावी.

आपल्या भागात एक सोंग विशेष खपतं, ते लष्करातल्या माणसाचं. देशभर हेच नाटक चालतं: 'मी फौजेत आहे, बदली झाली आहे, माझा माणूस गाडी घेऊन येईल, पैसे आमच्या पद्धतीने येतील.' पण दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, देहूरोडला कॅन्टोन्मेंट, दिघीला लष्करी वसाहत असलेल्या गावात गणवेशातल्या फोटोवर चटकन विश्वास बसतो. शेजारच्या बिल्डिंगमध्ये खरा सुभेदार राहत असतो ना! त्या सुभेदाराला यूपीआयने पैसे पाठवायला कसलीही वेगळी पद्धत लागत नाही, हे त्यालाच विचारून पाहावं.

ज्यांना वस्तू खरोखर हवी असते, त्या लबाडांची जात वेगळी. हे लोक जाणकार असतात, म्हणून जास्त धोक्याचे. घरी येऊन नाणं हातात घेऊन पाहताना अदलाबदल करणारा असतो. पार्सल घेऊन 'आत दुसरंच निघालं' म्हणत झिजलेला तुकडा परत पाठवणारा असतो. कॅश ऑन डिलिव्हरी मागून पार्सल फिरवून परत धाडणाराही असतो. यांच्यापासून वाचायला इथल्या माणसाला वेगळं शिक्षण नको. चाकणच्या कारखान्यात येणारा साधा बोल्टसुद्धा गेज लावल्याशिवाय आत घेतला जात नाही. गो जायला हवा, नो-गो अडकायला हवा. हाच माणूस घरचा रुपया विकताना मात्र काहीच मोजत नाही.

मोजायचं काय? राणीछाप रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. ब्रिटिश काळात तोळा त्या रुपयाच्या वजनाशीच बांधलेला होता. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास, चांदी शेकडा ९१.६७. तेव्हा एका रुपयात शुद्ध चांदी पावणेअकरा ग्रॅमच्या जवळपास भरते. त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने गुणलं की खालचा आकडा हातात येतो, त्याच्याखाली जायचं कारण नाही. वर्ष, टांकसाळ आणि नाण्याची अवस्था पाहून वरचा आकडा ठरतो. त्यासाठी मुंबई-पुण्याच्या लिलावांत तशीच नाणी कितीला गेली ते पाहावं. जाहिरातीत मागितलेला भाव आणि प्रत्यक्षात मिळालेला भाव यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शिवराईला आपण देव्हाऱ्यात ठेवतो ते योग्यच आहे, पण पेशवाईतही ती वर्षानुवर्षं पाडली जात होती आणि झिजलेली, नेहमीची शिवराई बाजारात काही शे रुपयांना मिळते. हा आकडा ज्याला माहीत आहे त्याला पंचवीस लाखांचा फोन आला तर हसू येईल.

मग नाण्याचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे मोठे फोटो काढून ठेवायचे. विशेषतः ओरखडा, काळा डाग, कधीकाळी माळेत ओवल्याची खूण, जे कमीपण वाटतं तेच टिपायचं. खूण झाकून विकणारा फसतो, कारण परत आलेलं नाणं आपलं नाही हे तीच खूण सिद्ध करते. पार्सल बांधताना वजनकाट्यासह, पावती दिसेल असं, न थांबवता चित्रण करायचं. पैसे आधी खात्यात, माल नंतर. नाणी, नोटा, सोनंचांदी टपालाने पाठवायची तर विमा उतरवूनच, हा टपालखात्याचा जुना दंडक होता आणि तो कोणीतरी पोळल्यावरच केलेला असणार.

पेशवाईत खुद्द चिंचवडला टांकसाळ होती. त्या काळी बाजारात इतक्या जातींचे रुपये फिरत की पोतदाराने पारखून, बट्टा ठरवून दिल्याशिवाय कोणी नाणं पदरात घेत नसे. आज त्या चिंचवडात पोतदार आडनावाची घरं आहेत. पारखणारा मात्र शोधावा लागतो. पुण्यात दुर्मिळ वस्तूंच्या संग्राहकांची संस्था आहे, तिचं 'कॉईनेक्स' प्रदर्शन भरतं. तिथे एक चक्कर मारली तर महिनाभर फोनवर कळणार नाही ते तासाभरात कळतं.

कायद्याच्या बाजूने विक्रेता स्वतःच कधी अडकतो, आणि लबाड खरेदीदार त्याला तसा ढकलतोही. परदेशातून एखादा म्हणतो, "शिवराई पाठवा, पाकिटावर 'भेटवस्तू' लिहा." पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा आहे. त्याप्रमाणे शंभर वर्षं वा त्याहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर धाडता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं. देशात व्यवसाय म्हणून पुरावस्तू विकायच्या तर परवाना लागतो. नोटांचंही एक आहे: २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा आठवण म्हणून दहापर्यंत ठेवता येतात, अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. त्याहून मोठी गड्डी 'घेतो' म्हणणारा माणूस संग्राहक नव्हे.

जमिनीतून निघालेल्या नाण्यांचा कायदा आणखी जुना, १८७८ चा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. न कळवणं कसं अंगाशी येतं हे आपल्याच चिखलीत मार्च २०२१ मध्ये दिसलं. बांधकामाच्या खोदाईत मजुरांना सोन्याची नाणी लागली, ती घरात राहिली, आणि शेवटी पिंपरी-चिंचवड पोलिसांनी २१६ मोगलकालीन नाणी जप्त केली. वजन सव्वादोन किलोहून अधिक. किंमत कोटीच्या वर सांगितली गेली, पण ज्यांच्या हाती लागली त्यांना त्यातला एक रुपयाही मोकळेपणी विकता येणार नव्हता.

फसवणूक झालीच तर लाज धरून दोन दिवस घालवू नयेत. ठग त्या दोन दिवसांवरच जगतो. १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लगेच फिरवायचा. पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार आणि पोलीस ठाण्यात जबाब. चाकणचा माणूस पूर्वी पुणे ग्रामीण पोलिसांकडे जात असे. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाल्यापासून चाकण त्यात आहे. बँकेवर मात्र फार विसंबू नये. ग्राहकाचं नुकसान बँकेने सोसण्याचे नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये केले, पण स्वतःच्या हाताने पिन टाकला असेल तर तक्रार नोंदवेपर्यंतचं नुकसान सहसा ग्राहकाच्याच माथी बसतं.

आणखी एक त्रास, फारसा बोलला न जाणारा. नाणं खरं, भाव योग्य, पैसेही आले, आणि महिन्याने आपलं खातं गोठलं! आलेले पैसे तिसऱ्याच कोणाला लुबाडून मिळवलेले होते आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांनी साखळीतली सगळी खाती थांबवली. म्हणून अनोळखी माणसाने ठरल्यापेक्षा जास्त रक्कम टाकून 'उरलेली या दुसऱ्या खात्यावर परत करा' म्हटलं, तर आपल्या हाताने काही पाठवायचं नाही. बँकेला कळवायचं, जशी आली तशी बँकेमार्फत जाऊ द्यायची. आणि दोन ओळींची विक्रीची पावती, घेणाऱ्याचं नाव, संभाषण, फोटो एवढं जपून ठेवायचं. खातं सोडवताना हाच कागद उपयोगी पडतो.

बाकी खरा गिऱ्हाईक ओळखणं अवघड नाही. तो बँकेच्या शाखेत किंवा प्रदर्शनात, चार लोकांत भेटायला तयार होतो. खिशातून भिंग काढतो, रुपया उलटासुलटा करतो, कडेवरून नख फिरवतो, टेबलावर वाजवून कान देतो. मग ओठ दुमडतो, तोंड जरा वाकडं करतो आणि म्हणतो, "काका, राणीचा गाल झिजलाय हो. थोडे कमी करा."

आपणही थोडे ताणावेत.