पैका थोडा, काम मोठं
हवामानबदल आणि ग्रामपंचायतीचा जमाखर्च

मी राहतो विश्रांतवाडीला आणि नोकरी खेड्यापाड्यांत. ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला याच रस्त्याने जाते. जुनी माणसं सांगतात, कळस-धानोरीकडं तेव्हा दोन्ही बाजूंना शेतं होती. आता इमारती आहेत. शेजारचं लोहगाव २०१७ साली पूर्णपणे महापालिकेत गेलं. मोठा पाऊस झाला की या भागात रस्त्याचा ओढा होतो, कारण पाणी मुरायला जमीनच उरली नाही.

गेल्या पावसाळ्यात एका गावी बैठकीत मी हे सांगत होतो. एक वयस्क शेतकरी उठून म्हणाले, "साहेब, पाऊस शहरात पडतो तोच आमच्याकडं पडतो. पण महापालिकेकडं पैका आहे. आमच्या पंचायतीकडं घरपट्टीसुद्धा पुरी जमत नाही. आम्ही कशानं हवामान सांभाळायचं?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून आज त्याचाच हिशेब मांडतो.

महापालिकेची गोष्ट वेगळी

पुणे महापालिकेने २०१७ मध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी कर्जरोखे काढून २०० कोटी रुपये उभे केले. व्याज होतं ७.५९ टक्के. सौरऊर्जा, गांडूळखत किंवा पावसाच्या पाण्याची साठवण यांपैकी एक काम करणाऱ्या घरमालकाला महापालिकेने मिळकतकरात ५ टक्के आणि एकाहून जास्त कामं करणाऱ्याला १० टक्के सवलत ठेवली. म्हणजे काही कामं कर्ज काढून, तर काही लोकांच्याच हातून. यातला पहिला रस्ता ग्रामपंचायतीला नाही. तिचे रोखे घेणार कोण? दुसरा रस्ता मात्र आपलाही आहे.

आपल्या हाती काय होतं?

पंधराव्या वित्त आयोगाचा निधी २०२६ पर्यंतच्या काळासाठी होता. त्यातला राज्याच्या वाट्याचा ८० टक्के हिस्सा थेट ग्रामपंचायतींना आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला १०-१० टक्के, अशी वाटणी होती. २०२१-२२ पासून त्यात ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित असे भाग झाले. बंधित भागातला निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी होता.

हे नीट वाचा. पाणी साठवणं, सांडपाणी जिरवणं ही हवामानबदलाचीच कामं आहेत. त्यासाठी वेगळं खातं उघडावं लागत नाही. तरी कित्येक आराखड्यांत बंधित पैशातून गटार झालं आणि ते पाणी गावाबाहेर ओढ्यात सोडून दिलं. त्याच पैशात शोषखड्डे झाले असते, तर तेच पाणी जमिनीत गेलं असतं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२१ मध्ये गावच्या दिवाबत्तीची आणि पाणीपुरवठ्याची वीजबिलं याच निधीतून भरण्याचा आदेश निघाला, तेव्हा बऱ्याच सरपंचांनी नाराजी दाखवली. पैसा यायच्या आधीच त्याला वाटा फुटतात, हे खरं आहे.

मग बिलच कमी करा

चोकसह साधी ट्यूब अंदाजे ५० वॅट घेते, एलईडी दिवा २० वॅट. रात्री बारा तास धरले तर एका दिव्यामागे वर्षाला १३१ युनिट वाचतात. गावात ५० दिवे असतील तर साडेसहा हजारांच्या वर. युनिटला ७ रुपये धरले तरी ४५ हजारांच्या वर रक्कम होते. ती आराखड्यात 'बचत' म्हणून लिहून ठेवा आणि पाण्याच्या कामाला लावा. नाहीतर बचत झाली हे कुणाला कळतही नाही.

सातारा जिल्ह्यातलं पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे छोटं गाव २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं. लहान गाव म्हणून ते मागं राहिलं नाही. स्पर्धांत उतरायची सवय त्यांना आधीपासून होती. आपल्याकडं २ ऑक्टोबर २०२० रोजी 'माझी वसुंधरा' अभियान सुरू झालं. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर गुण ठेवले गेले. अशा वेळी कागद वेळेवर भरणारं गाव पुढं जातं.

आमची फजिती

एका गावात आम्ही ५०० झाडं लावली. खड्डे झाले, रोपं आली, फोटो निघाले. मे महिन्यात गेलो तर हातावर मोजण्याइतकी हिरवी. चूक कुणाची? माझीच. अंदाजपत्रकात खड्डा होता, रोप होतं, कुंपण होतं, पाणी नव्हतं. आठवड्याला झाडामागे १० लिटर म्हटलं तरी ५ हजार लिटर, म्हणजे दर आठवड्याला एक टँकर. तो आणणार कोण, हे लिहायला मी विसरलो होतो.

पुढच्या गावी ६० झाडं घेतली. एक घर, एक झाड. बुडाशी छिद्र पाडून वात घातलेलं जुनं मडकं प्रत्येक झाडाजवळ पुरलं. बायाबापड्यांनी धुण्याभांड्याचं पाणी गाळून त्यात ओतलं. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यातली बहुतेक झाडं उभी होती. तेव्हापासून मी झाडं मोजत नाही, पाणी मोजतो.

बिनपैशाची दोन कामं

पहिलं वनराई बंधारा. खताच्या रिकाम्या गोण्या घरोघरी असतात. ऑक्टोबरात ओढ्याची धार कमी झाली की काठ मजबूत असेल अशी अरुंद जागा निवडा. गोण्या माती-वाळूने भरून तोंड शिवा आणि विटांसारखे सांधे चुकवून रचा. मधे माती दाबा. श्रमदान झालं तर खर्च सुतळीचा. रब्बीच्या एकदोन पाण्यांची सोय होते. पावसाळ्याआधी गोण्या काढून घ्यायला मात्र विसरू नका.

दुसरं, पाण्याचा ताळेबंद. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार दरवर्षी पाऊस मोजतं आणि पाणी किती आहे ते पाहून पिकं ठरवतं. ग्रामसभेच्या ठरावाला सिमेंट लागत नाही.

आता करायचं काय?

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा. ग्रामसेवकांकडून (आता ग्रामपंचायत अधिकारी) तीन आकडे मागा : घरपट्टी-पाणीपट्टी किती थकली, विजेचं बिल किती, बंधित निधी कशावर खर्चला. आराखड्यात प्रत्येक कामापुढं 'पुढची तीन वर्षं देखभाल कोण करणार' असा एक रकाना वाढवा. रकाना रिकामा राहिला तर ते काम घेऊ नका.

त्या बैठकीतल्या आजोबांना मी एवढंच सांगितलं, "पैका कमी आहे हे खरं. पण आहे तो ओढ्यातून वाहून जातोय, तेवढा तरी अडवू." ते हसले आणि म्हणाले, "मग गोण्या माझ्याकडं चाळीस आहेत."

ऑक्टोबरात त्यांच्याच शिवारातून सुरुवात करायची ठरली आहे.