धावती डिझेल पिकअप बंद पडली अन् सेल्फ मारूनही सुरू होईना? आधी सायलेन्सरकडे बघा

समजा, संध्याकाळची वेळ आहे. किनवट तालुक्यातल्या इस्लापूरहून कापूस भरलेली पिकअप हिमायतनगरकडे निघालीय. मध्येच इंजिनाने दोन-तीन गचके दिले आणि गाडी बंद. सेल्फ फिरतोय, पण गाडी काही सुरू होत नाही.

अशा वेळी बरेच जण एकच चूक करतात. सेल्फ मारतच राहतात. मग बॅटरी बसते, सेल्फ तापतो आणि किरकोळ बिघाडासाठी गाडी टोचन करून न्यावी लागते.

म्हणून आधी गाडी कडेला, हँडब्रेक, चाकाला दगड आणि चारही इंडिकेटर चालू. इंजिन बंद असताना ब्रेक जड होतो, त्यामुळे भरलेली गाडी उतारावर सोडून सुरू करायचा नाद नको.

डिझेल इंजिनाला लागतं तरी काय?

त्याला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्यात डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटतं. म्हणजे इंजिन जोरात फिरायला हवं, हवा मिळायला हवी आणि डिझेल पोचायला हवं. या तिघांपैकी काय अडलंय, एवढंच शोधायचं.

सेल्फचा आवाज ऐका

नुसतं टक-टक होतंय किंवा इंजिन कण्हत फिरतंय? मग बॅटरीकडे बघा. टर्मिनल सैल आहे का, पांढरी बुरशी चढलीय का? साफ करून घट्ट आवळा.

आता धूर बघा

सेल्फ जोरात फिरत असेल, तर एकाला मागे उभं करा आणि दहा सेकंदच सेल्फ मारा. पुन्हा मारायच्या आधी मिनिटभर थांबा.

पांढरा धूर आला, तर डिझेल पोचतंय, पण नीट पेटत नाही. धूरच नाही, तर बहुतेक डिझेलच पोचत नाही. मग हे तपासा:

- टाकीत डिझेल आहे का? काटा अडकलेला असू शकतो, त्याच्यावर विसंबू नका.
- टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा जोरात आवाज आला, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं असेल.
- फिल्टरखालचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाला बसतं. कॅनमधून डिझेल भरत असाल तर हे नक्की बघा.
- फिल्टरजवळ हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. लाईनने हवा घेतली असेल तर ती निघते. हातपंप नसेल, पण टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल, तर चावी ऑन करून थोडं थांबा, ऑफ करा. असं दोन-तीनदा करा.

गाडी बंद कशी पडली, तेही आठवा

गचके देत बंद पडली, तर संशय डिझेलवर. बटण दाबल्यासारखी एकदम बंद पडली, तर फ्यूज, वायरिंग किंवा सेन्सरवर. अर्ध्या तासाने गार झाल्यावर आपोआप सुरू झाली आणि तापल्यावर पुन्हा बंद पडली, तर क्रँक सेन्सर तपासून घ्या. तापमानाचा काटा लाल रेषेवर असेल, तर रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडूच नका.

एक गोष्ट अजिबात करू नका

जुन्या गाड्यांत इंजेक्टरचा नट सैल करून सेल्फ मारत आणि हवा काढत. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. आताच्या पिकअपमध्ये कॉमन रेल इंजिन असतं आणि त्याच्या पाईपमध्ये दाब हजार बारच्या वर जातो. मोटारीच्या टायरमध्ये तो जेमतेम दोन-अडीच बार असतो. त्या दाबाने उडालेली डिझेलची बारीक धार कातडीत घुसते. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

मिस्त्रीला फोन करताना

एवढं करूनही गाडी सुरू झाली नाही, तर 'गाडी बंद पडलीय' एवढंच सांगू नका. बंद कशी पडली, सेल्फ कसा फिरतो, धूर येतो का आणि मीटरवर कोणता दिवा लागलाय, या चार गोष्टी सांगा. म्हणजे तो किनवटहून निघतानाच फिल्टर घेऊन निघेल की स्कॅनर, आणि त्याची एक फेरी वाचेल. तुमची रात्रही.