एल्व्हा नदीचा जमाखर्च

धरणातून निर्माण होणारी वीज मोजता येते. अडलेल्या नदीबरोबर जे नष्ट होते, त्याची नोंद मात्र सहसा कोणत्याच खातेवहीत होत नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एल्व्हा नदीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

ऑलिम्पिक पर्वतराजीत उगम पावणारी ही नदी अवघी ७२ किलोमीटर लांबीची. उत्तरेकडे वाहत जाऊन ती समुद्रास मिळते. तिच्या पाणलोट क्षेत्राचा सुमारे ८३ टक्के भाग आज राष्ट्रीय उद्यानात मोडतो. नदीत जन्मून समुद्रात वाढणारे आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत परतणारे सॅमन मासे हे तिचे वैभव होते.

१९१३ मध्ये मुखापासून सुमारे ८ किलोमीटरवर ३३ मीटर उंचीचे, तर १९२७ मध्ये त्याच्या वरच्या अंगास ६४ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. माशांना वाट ठेवण्याचे बंधन कायद्यात असूनही ती कोठेच ठेवली गेली नाही. शहरास व कारखान्यांस वीज मिळाली. परंतु वरचा सुमारे ११० किलोमीटरचा प्रवाहमार्ग माशांना बंद झाला. १८५५ च्या तहाने मासेमारीचा हक्क मिळालेल्या क्लालम आदिवासींच्या पदरी रिकामी जाळी आली. गाळाअभावी किनाराही झिजू लागला. लाभ एकाचा, तोटा दुसऱ्याचा, असा हा व्यवहार होता.

१९९२ मध्ये संसदेने नदीच्या पुनरुज्जीवनाचा कायदा केला. तरीही धरणे पाडण्यास २०११ साल उजाडले. काम २०१४ मध्ये संपले. एकूण प्रकल्पाचा खर्च सुमारे साडेबत्तीस कोटी डॉलर झाला. कारण केवळ काँक्रीट फोडून भागणार नव्हते. जलाशयांत सुमारे दोन कोटी घनमीटर गाळ साचला होता. तो एकदम सुटू नये म्हणून भिंती टप्प्याटप्प्याने उतरवाव्या लागल्या, शहराच्या पाण्यासाठी शुद्धीकरणाची सोय करावी लागली आणि उघड्या पडलेल्या तळावर रोपे लावावी लागली.

तोच गाळ मुखाशी पसरून नवा किनारा घडला. मासे वरच्या खोऱ्यात परतले. पाण्याखाली गेलेले क्लालमांचे पवित्र उत्पत्तिस्थान पुन्हा दिसू लागले. मासेमारीवरील बंदी मर्यादित प्रमाणात उठून २०२३ मध्ये त्यांनी नदीत पुन्हा मासेमारी केली. तथापि माशांची संख्या अद्याप पूर्वीइतकी झालेली नाही. शंभर वर्षांची हानी दशकभरात भरून निघत नसते.

प्रत्येक धरण पाडावे, असा याचा अर्थ नव्हे. परंतु धरण बांधतानाच त्याच्या अखेरीचा खर्च आणि तोटा सोसणाऱ्यांचा वाटा हिशेबात धरला पाहिजे. तो टाळल्यास पुढील पिढीला व्याजासह फेडावा लागतो, हाच एल्व्हाचा धडा होय.