खाडीकाठचे धवले आणि डोंगरातली गाणी

सन १९२७ च्या जुलै महिन्यात जगाच्या दोन टोकांना दोन घटना घडल्या. २३ जुलैला मुंबईत लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी, २५ जुलैला, अमेरिकेतल्या ब्रिस्टल नावाच्या गावी एका टोप्यांच्या रिकाम्या गोदामात राल्फ पीअर नावाच्या गृहस्थाने आपली ध्वनिमुद्रणाची यंत्रे मांडली. हा पीअर व्हिक्टर कंपनीचा माणूस. आपल्याकडे घरोघर पोचलेल्या ‘कुत्रा छाप’ तबकड्यांवर भोंग्यासमोर बसलेला जो कुत्रा असे, तोच कुत्रा या व्हिक्टर कंपनीच्या तबकड्यांवरही होता.

या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काय, असे तुम्ही विचाराल. सरळ संबंध नाही. पण शेतातले, मांडवातले, चुलीपुढचे गाणे यंत्रात शिरले म्हणजे त्याचे आणि ते गाणाराचे काय होते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. म्हणून आज अमेरिकेतल्या ‘कंट्री म्युझिक’ची, म्हणजे तिकडच्या गावगाण्याची, थोडी हकीकत आपण पाहू, आणि तिच्या शेजारी आपल्या उरण तालुक्यातल्या जासई गावाचे, आगरी समाजाचे गाणे ठेवून पाहू.

आधी ब्रिस्टलची गोष्ट. या गावाच्या हमरस्त्याची गंमत अशी, की त्याची एक बाजू टेनेसी राज्यात आणि दुसरी व्हर्जिनिया राज्यात. आसपास सगळा डोंगराळ मुलूख. लोक शेतकरी, खाणकामगार, रेल्वेवर राबणारे. पीअरने दहाबारा दिवसांत एकोणीस गायक-मंडळींची शहात्तर ध्वनिमुद्रणे केली. त्यात कार्टर कुटुंब होते. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि भावजय मेबेल. मेबेल तेव्हा अवघी अठरा वर्षांची, आणि दिवस भरत आलेले. साराच्या कडेवर तान्हे मूल. डोंगरातल्या कच्च्या वाटेने मोटार हाकीत ही मंडळी आली आणि गाऊन गेली. मेबेलची गिटार वाजवण्याची तऱ्हा निराळी होती. अंगठ्याने खालच्या तारांवर चाल आणि बाकी बोटांनी वरच्या तारांवर ठेका. एकाच माणसाच्या हातून दोन वाद्ये वाजल्यासारखे वाटे. ही तऱ्हा पुढे साऱ्या अमेरिकेने उचलली.

त्याच गोदामात ४ ऑगस्टला जिमी रॉजर्स येऊन गायला. हा रेल्वेतला ब्रेकमन. क्षयाने काम सुटलेले. पुढच्या सहा वर्षांत त्याच्या तबकड्या घरोघर गेल्या, पण छातीतला रोग काही गेला नाही. मे १९३३ मध्ये न्यूयॉर्कला अखेरची गाणी मुद्रित करताना मध्येच पडून विसावा घेता यावा म्हणून त्याच्यासाठी खाट ठेवलेली होती. त्यानंतर दोन दिवसांनी तो वारला. वय पस्तीस.

आता आपल्याकडे वळू. पनवेलहून उरणकडे जाताना जासई लागते. हा खाडीचा, खारजमिनीचा मुलूख. बांध घालून समुद्राचे पाणी अडवायचे, आत भात पिकवायचे, आणि जिथे भात होत नाही तिथे मिठागर. आगर पिकवणारा तो आगरी. यांची बोली ऐकाल तर ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ड’चा ‘र’ झालेला आढळेल. कोळी तो ‘कोली’, होडी ती ‘होरी’, गाडी ती ‘गारी’. याच नियमाने लग्नातले धवळे झाले ‘धवले’, आणि ते गाणारी ती ‘धवलारीण’.

धवलारीण म्हणजे नुसती गाणारी बाई नव्हे, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. लग्नाचा विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतो. हळद दळायची, मांडव घालायचा, उंबराची मेढ आणायची, देवांना आमंत्रण द्यायचे, नवरा-नवरीला न्हाऊ घालायचे. या प्रत्येक कामाला तिचा वेगळा धवला. तिने सुरुवात केल्यावाचून पुढचे काम व्हायचे नाही. ती पुढे गाते, सोबतच्या बायका मागून ओळ धरतात. वाद्य नाही, कागद नाही. सारे पाठ. एखाद्या जाणत्या बाईच्या मागे बसून, वर्षानुवर्षे ओळ धरता धरता, पुढची धवलारीण तयार होते. लग्नघरी तिला लुगडे, तांदूळ, नारळ असा मान मिळतो.

हा शब्दही फार जुना आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने आपल्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात ‘धवल’ या मंगल गीतप्रकाराची नोंद केली आहे. त्याच शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने ऋद्धिपुरी गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या सोहळ्यात कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून म्हटले. महदंबेला आपण आद्य मराठी कवयित्री म्हणतो. म्हणजे पाहा, मराठीतल्या पहिल्या कवयित्रीचे काव्य लग्नगीताच्या ज्या जातीचे, त्याच जातीचे नाव उरण-पनवेलच्या मांडवात अजून चालते. कवयित्रीचे नाव ग्रंथात राहिले. मांडवातल्या धवलारिणीचे मात्र राहिले नाही.

इथे नावाचा प्रश्न येतो. हिंदुस्थानात १९०२ साली कलकत्त्याला पहिली ध्वनिमुद्रणे झाली, तेव्हा गौहरजान आपले गाणे संपताच इंग्रजीत स्वतःचे नाव मोठ्याने सांगे. तबकडी दूर जर्मनीत छापली जायची. तिथल्या कारागिराला गाणे कोणाचे हे कळावे म्हणून. कारण काहीही असो, नाव राहिले. तबकडी ही अशी वस्तू आहे, की तिच्यावर कोणाचे तरी नाव छापावेच लागते. आणि मग कोणाचे छापले जाते, हे महत्त्वाचे ठरते.

ए. पी. कार्टर डोंगरोडोंगरी हिंडून जुनी गाणी गोळा करी. त्याच्यासोबत लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णी गिटारवादक असे. कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेला होता. घरोघरी कार्टरने शब्द उतरून घ्यावेत आणि रिडलने चाल डोक्यात साठवावी, अशी वाटणी. तबकडीवर नाव आले कार्टरचे. ज्या म्हाताऱ्यांनी गाणी दिली त्यांचेही नाही आणि रिडलचेही नाही. गाण्यामागे पन्नास डॉलर गाणारांना मिळाले, पण गाण्यांच्या हक्काचा पैसा पुढे पीअरच्या प्रकाशनसंस्थेलाही वर्षानुवर्षे मिळत राहिला.

नॅशव्हिलच्या डब्ल्यू. एस. एम. या नभोवाणी केंद्राचीही अशीच एक गोष्ट आहे. हे केंद्र एका विमा कंपनीचे. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी तिथे सत्त्याहत्तर वर्षांच्या एका म्हाताऱ्याने, अंकल जिमी टॉम्सनने, फिडल वाजवले आणि त्यातून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम उभा राहिला. तो आजतागायत चालू आहे. त्याच्या आरंभीच्या लोकप्रिय कलावंतांत डीफोर्ड बेली हा माउथ ऑर्गन वाजवणारा होता. रेल्वेगाडीचा आवाज तो असा काढी, की ऐकणाराने बाजूला व्हावे. हाही कृष्णवर्णी. १९४१ साली त्याला कार्यक्रमातून काढून टाकले. पुढे त्याने जोडे पुसायचे दुकान चालवून पोट भरले. कंट्री म्युझिकच्या सन्मानमंदिरात त्याचे नाव लागले ते २००५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी.

आपल्याकडे काय झाले? आपल्याकडे ‘कोळीगीत’ या नावाखाली तबकड्या निघाल्या, नभोवाणीवर गाणी लागली आणि दर्यावरची ती लय देशावरच्या घरांतही पोचली. शाहीर विठ्ठल उमप यांनी कोळीगीते आणि भीमगीते दोन्ही खड्या आवाजात गाइली. १९३१ साली मुंबईत जन्मलेला हा शाहीर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात रंगमंचावरच कोसळला. शांता शेळके यांनी शब्द लिहिले, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल बांधली आणि हेमंतकुमार या बंगाली गायकाने लताबाईंबरोबर ‘मी डोलकर’ गाइले. हे गाणे उत्तम आहे, त्यात शंका नाही. पण ते कोळीवाड्यातून आलेले नाही. कोळीवाड्याकडे प्रेमाने पाहून शहरात रचलेले आहे. दोन्हींना ‘कोळीगीत’च म्हणतात. आणि आगऱ्यांची गाणीही पुष्कळदा त्याच शिक्क्याखाली विकली गेली. अमेरिकेतही या गाण्यांना आधी ‘हिलबिली’, म्हणजे डोंगरी गावंढळ, असे हिणवून म्हणत. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने ‘कंट्री अँड वेस्टर्न’ असे म्हणायला सुरुवात केली. शिक्का बाजार मारतो. गाणाराला कोणी विचारत नाही.

एक गमतीची गोष्ट सांगतो. आगरी-कोळी वरातीत तुम्ही ‘बेंजो’ ऐकला असेल. अमेरिकेतल्या गावगाण्यातही बँजो आहे. पण नावाखेरीज दोहोंत काही सारखे नाही. तिकडचा बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी घडवला, कातडे ताणून आणि तारा लावून. आपला बेंजो म्हणजे बटणे दाबून वाजवायचे बुलबुलतरंग. त्याचे मूळ जपानात, १९१२ साली नागोयाच्या मोरिता गोरो याने केलेल्या ‘ताइशोगोतो’ वाद्यात आहे. जपानचे वाद्य, अमेरिकेचे नाव, आणि वाजते खाडीकाठच्या हळदीला! लोकांचे गाणे सोवळे नसते. बाहेरचे घ्यायला ते कधी लाजत नाही.

मग तक्रार कशाची? दोन गोष्टींची. पहिली वेळेची. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. कार्टर मंडळींनी लांबलचक कथागीते कापून तीन मिनिटांत बसवली आणि पुढे तेच त्यांचे खरे रूप ठरले. धवला असा कापता येत नाही. हळद दळून होईपर्यंत तो चालला पाहिजे. दळण लांबले तर धवलाही लांबतो. तो ऐकण्यासाठी नसून काम पार पाडण्यासाठी आहे. म्हणूनच तबकडीने कोळीगीत उचलले आणि धवल्याला फारसा हात लावला नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. गाणे कामाला चिकटलेले असते. काम गेले की गाणे पोरके होते. टेनेसी नदीच्या खोऱ्यात १९३६ साली नॉरिस धरण पुरे झाले, तेव्हा सुमारे तीन हजार कुटुंबांना घरेदारे सोडावी लागली. आपल्याकडे १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणच्या गावांच्या शेतजमिनी व मिठागरे संपादनात आली. योग्य मोबदल्यासाठी जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत जासईजवळच्या दास्तान फाट्याला आणि नवघर-पागोटे भागात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्याला परत देण्याचे जे तत्त्व पुढे आले, त्यामागे हे रक्त आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. २०२४ मध्ये समुद्रावरचा अटल सेतू चिर्ल्याशी, म्हणजे जासईच्या शेजारीच, येऊन टेकला.

जिथे भाताची लावणी होत असे तिथे आता मालाच्या पेट्यांच्या रांगा आहेत. लावणी नाही, तर लावणीच्या वेळी बायका जे म्हणत ते कोणी आणि कशाला म्हणावे? मिठागर नाही, तर मीठ ओढतानाची लय कुठून येणार? जमिनीचा मोबदला ठरवताना विहीर मोजतात, झाड मोजतात. गाणे मोजायला रकाना नसतो. लग्न मात्र अजून होते. म्हणून धवला अजून उरला आहे, हे समजून घ्या. तो शेतावर नव्हे, मांडवावर उभा आहे. पण त्या मांडवातही आता ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात आणि म्हाताऱ्या बाईचा आवाज त्यांच्या पलीकडे जात नाही.

यावर उपाय काय? वाजंत्री बंद करा, असे कोणी म्हणणार नाही. उपाय साधा आहे. आज प्रत्येकाच्या खिशात पीअरच्या साऱ्या यंत्रांहून चांगले ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. आणि त्यात तीन मिनिटांची अट नाही. तुमच्या घरात, भावकीत, आजोळी धवले जाणणारी कोणी असेल तर तिच्यापाशी बसा. हळदीपासून वरातीपर्यंत क्रमाने म्हणून घ्या. कोणता धवला कोणत्या कामाचा, हेही विचारा. कारण कामावाचून नुसते शब्द म्हणजे अर्धेच गाणे. शब्द तिच्या बोलीतच उतरा. ‘होरी’ची ‘होडी’ करू नका. आणि शेवटी तिच्याच तोंडून तिचे नाव, गाव आणि ती हे कोणापाशी शिकली त्या बाईचे नाव म्हणून घ्या. लेस्ली रिडलचे नाव त्याच्या गाण्यांवर लागायचे राहून गेले. आपल्या धवलारिणीचे राहू नये, एवढे आपल्या हातात आहे. आणि ते येत्या लग्नसराईतच करता येण्याजोगे आहे.